पाटावरचा संगणक

भाऊबीजेच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर आत्याने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तीन पाकिटं हातात ठेवली. बाबांनी आणि दोन्ही काकांनी तासाभरापूर्वी तबकात घातलेली ओवाळणी. वरचा एकेक रुपया काढून तिने आधीच देवापुढे ठेवला होता.

"चार हजार आहेत. एवढ्यात माझ्या कॉम्प्युटरचं काय होतं ते बघ. वर एक पैसाही स्वतःचा घालायचा नाहीस."

नवीनच घेऊ या, असं मी दोन वर्षांपूर्वी म्हणून पाहिलं होतं. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की हा आतोबांनी तिला २०१२च्या पाडव्याला ओवाळणी म्हणून घातलाय. आतोबांना जाऊन आता सात वर्षं झाली. कॅबिनेटवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यावर, त्यांनी कुंकवाने काढलेलं स्वस्तिक अजून पुसटसं दिसतं. आत्या धूळ पुसते तेव्हा फडकं त्याच्या कडेकडेने फिरवते. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आत्याने ठाण्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. २०२०च्या टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या तिने अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला सुरुवात केली, ती आजतागायत थांबलेली नाही. अकरावी-बारावीचा इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाचं असं रूपांतर करायला आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२च्या दुरुस्तीत मोकळीक दिली आहे. त्याच विषयावरच्या माराकेश कराराला मंजुरी देणारा जगातला पहिला देशही भारतच, २०१४ साली. हे मला आत्याकडूनच कळलं. तिच्या रेकॉर्डिंगच्या वहीच्या पहिल्या पानावर तिने ते शाईने लिहून ठेवलंय.

"आता मोबाइलच सगळं वाचून दाखवतो की," असं तिला बरेच जण म्हणतात. तिला त्याचा राग येत नाही, ती शांतपणे समजावते. मोबाइल वाचतो हे खरंच आहे, आणि मुलं तो सर्रास वापरतात. पण जुन्या पुस्तकाचं पान नुसता फोटो म्हणून स्कॅन केलेलं असेल तर त्यात वाचायला अक्षरच नसतं. आणि 'हे जग' मधलं जग आणि 'शंभर वर्षं जग' मधलं जग लिहायला एकच असले तरी दोन्हींतला 'ज' वेगळा, हे मराठी माणसाच्या जिभेला न शिकवता कळतं. यंत्र बऱ्याचदा दोन्हीकडे एकच ज लावतं. शिवाय भूगोलात नकाशे असतात. नकाशा आला की आत्या वाचायचं थांबते, पुस्तक बाजूला ठेवते आणि माइकशी बोलायला लागते. "उजवा हात कोपरापासून उभा धर, बोटं वर. बोटांकडे उत्तर. हात म्हणजे सह्याद्री. हाताच्या डावीकडे समुद्र, तिकडे पाऊस भरपूर. उजवीकडे पठार, तिकडे कमी." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दाराच्या चौकटीत उभ्या उभ्या माझाही हात वर गेला होता.

तर या कामाचा हा कॉम्प्युटर. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा विंडोज ७ होतं, मग फुकट मिळत होतं तेव्हा १० घातलं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले आणि त्यानंतर नवव्या दिवशी ही भाऊबीज. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. इथे दोन्ही नाही. मी ऐरोलीला आयटीत काम करते, त्यामुळे यादी डोक्यात तयारच होती: हार्ड डिस्कच्या जागी चिपवर साठवणारी वेगवान एसएसडी, जास्तीची रॅम, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली, झालं. असा जुना डेस्कटॉप हाती आला की दहातले नऊ जण हेच करतील, आणि त्यात चूक काही नाही.

पण खरेदीला जाण्याआधी एका शनिवारी मी दुपारी दोन वाजता नौपाड्यात तिच्या घरी जाऊन नुसती बसले. तू रोज करतेस तसंच कर, म्हटलं, मी बोलणार नाही. आत्तापर्यंत कुणाचा कॉम्प्युटर नीट करायला घेण्याआधी मी असं कधी बसले नव्हते. आता बसल्याशिवाय स्क्रू काढणार नाही.

दोन ते चार ही तिची रेकॉर्डिंगची वेळ, कारण तेव्हा गल्ली जरा निजलेली असते. तिने खिडकी लावून गजांवर गोधडी टाकली. साड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली, म्हणजे आवाज कपड्यांत मुरतो आणि खोली घुमत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, करता करता सापडलं. पंखा बंद केला. मग खुर्चीत बसून टेबलाखाली पायाने चाचपडत एक लाकडी पाट पुढे ओढला, दोन्ही पाय त्यावर घेतले आणि मगच कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी तक्रार आली, तिने न वाचता एफ-वन दाबलं. चार मिनिटांनी ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं. त्या चार मिनिटांत ती आजचा धडा डोळ्यांखालून घालते. म्हणजे कॉम्प्युटर मंद असणं तिने कधीच आपल्या कामात सामावून घेतलं होतं. मी सगळे पैसे जिथे घालणार होते ती तिची अडचणच नव्हती.

वाचताना चुकली की ती थांबत नाही. माइकजवळ स्टीलची वाटी उपडी ठेवलेली असते. तिच्यावर नखाने टिचकी मारते आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेते. नंतर पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात जिथे जिथे टिचकीचा सुळका दिसतो, तिथे मागचं चुकलेलं वाक्य कापायचं. तासाभराच्या रेकॉर्डिंगमधल्या चुका दहा मिनिटांत निघतात.

रेकॉर्डिंग झाल्यावर तिने हेडफोन माझ्या हातात दिला. मी ऐकलं आणि मग तिच्याकडे बघितलं.

"ऐकू येतंय ना? एक मुलगा मला म्हणाला, मॅडम, तुमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे का? साधेपणाने विचारलं हो त्याने. पण मग मला तेच ऐकू यायला लागलं."

ती घरघर घालवायला ती ऑडॅसिटीमधला आवाज स्वच्छ करायचा उपाय वापरत होती. त्यात आधी रिकाम्या आवाजाचा नमुना द्यायचा, मग सॉफ्टवेअर तेवढा आवाज सगळीकडून वजा करतं. थोडा वापरला तर उत्तम. पण गिरणीएवढी घरघर वजा करायची म्हणजे मात्रा वाढवावी लागते, आणि मग बोलणंही खरवडलं जातं. 'स' आणि 'श' बोथट होतात, माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. एकतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज असा येत होता.

मी तिला म्हटलं, आता दहा सेकंद काहीच बोलू नकोस, पण रेकॉर्ड कर. त्या दहा सेकंदांचं ऑडॅसिटीतच स्पेक्ट्रम काढलं, म्हणजे त्या शांततेत कुठल्या कुठल्या कंपनसंख्येचा आवाज आहे त्याचा आलेख. त्यात तीन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. ५० हर्ट्झवर एक सुळका आणि त्याच्या पटीत १०० आणि १५०वर त्याची पिल्लं. ५० हर्ट्झ म्हणजे आपल्या घरातली वीज. १२० हर्ट्झवर दुसरा, बारीक पण टोकदार. हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. आणि या सगळ्याखाली गवतासारखा पसरलेला एक पट्टा, तो कॉम्प्युटरच्या आतल्या पंख्यांच्या वाऱ्याचा. आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. पर्जन्यमानाचे आलेख वाचण्यात आयुष्य गेलेलं. तिने पहिल्या सुळक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सगळ्यात उंच हा. हा कुणाचा?"

त्याचं उत्तर तिच्या पायाखालीच होतं. पाट कशाला घेतेस, असं विचारल्यावर ती सहज म्हणाली, "कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात गं. आतोबांनीच सांगितलेलं, लाकडावर पाय ठेव म्हणून." मी टेस्टर आणून कॅबिनेटच्या स्क्रूला लावला, दिवा लागला.

गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडून दाखवलं. भोकं तीन, तारा दोनच. इमारत जुनी, मागे कधीतरी कुणीतरी तीन पिनांचं सॉकेट बसवलं आणि अर्थिंगची तार जोडलीच नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये वीज गाळायला बारीक कपॅसिटर असतात. त्यांच्यातून निसटणारा विद्युतप्रवाह अर्थिंगवाटे जमिनीत जायचा असतो. वाटच नसली की २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. प्रवाह अगदी क्षीण असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आत खरोखरच काही बिघडलं तर वाचवायला काहीच नाही. तुमच्याही घरी कॅबिनेटला हात लावल्यावर असं जाणवत असेल तर कृपा करून आधी सॉकेट तपासून घ्या, चप्पल किंवा पाट हा त्यावरचा उपाय नाही. इलेक्ट्रिशियनने स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या सॉकेटचं अर्थिंग तपासलं, ते चांगलं होतं, तिथून हिरवी तार ओढून आणली. तीनशे रुपये. आत्याने त्याला दिवाळीतल्या उरलेल्या चकल्या दिल्या आणि तो गेल्यावर कितीतरी वेळ ती कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभी राहिली.

पुढच्या रविवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी ग्रँट रोडला उतरून विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणावं लागतं. २४० जीबीची एसएसडी १,९०० रुपयांना मिळाली. या मदरबोर्डवर ती तिच्या पूर्ण वेगाने चालणार नव्हती, कारण बोर्डावरची डिस्क जोडायची सोय जुन्या, कमी वेगाच्या साटा-२ प्रकारची आहे. पण मला तिचा वेग दुय्यम होता, तिच्यात फिरणारं काही नाही हे महत्त्वाचं होतं. वापरलेली ४ जीबीची डीडीआर-३ रॅम ४५०ला. दुकानदार वापरलेला आय-फाइव्ह दाखवत होता, बोर्डावर बसला असता, किंमतही मोहात पाडणारी. पण आताचा आय-थ्री ६५ वॉटचा आणि तो ७७चा. जास्त वॉट म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणजे पंखा जोरात. आठवड्यापूर्वी मी तो नक्की घेतला असता. त्याऐवजी १२० मिलिमीटरचा एक मोठा पंखा घेतला, तीनशेला. कॅबिनेटच्या मागच्या जाळीला त्या मापाची भोकं होती, पण मुळात बसवलेला होता ८०चा. छोट्या पंख्याला तेवढीच हवा ओढायला गरागरा फिरावं लागतं, मोठ्याला निवांत फिरून भागतं. ३५०चं यूएसबी साउंड कार्ड घेतलं, म्हणजे माइकची तार मदरबोर्डच्या गजबजाटात न जाता बाहेरच डिजिटल होते. प्रोसेसरची उष्णता नीट बाहेर पडावी म्हणून १५०ची थर्मल पेस्ट. आणि चाळीस रुपयांची एक बटण-बॅटरी, सीआर २०३२. रोजच्या त्या एफ-वनचं कारण ती होती. बोर्डावरची बॅटरी संपलेली, आत्या रात्री मेन स्विच बंद करते, की कॉम्प्युटरची तारीख मागे जाते. पाच वर्षांत कित्येक फाइलींवर १ जानेवारी २०१२ पडलंय. म्हणूनच तिला ती वही ठेवावी लागत होती.

आता एक प्रसंग सांगते, कारण असं काम करायला घेणाऱ्या कुणाच्याही हातून तो घडू शकतो. जुनी डिस्क काढण्याआधी मी तिचे अर्धवट राहिलेले प्रकल्प पेन ड्राइव्हवर ओढले. मिनिटभरात सगळं उतरलं. मी डिस्कची केबल काढायला हात घातला आणि थबकले. ऑडॅसिटीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना चार बाइटचा, म्हणजे तासाला साधारण ६३५ एमबी. मिनिटभरात इतके तास कसे उतरतील? पुन्हा नीट बघितलं. आत्याकडची आवृत्ती जुनी होती. २०२१मध्ये तिसरी आवृत्ती येईपर्यंत ऑडॅसिटी प्रकल्पाच्या फाइलीत नुसता हिशोब ठेवायचं, खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये शेकडो तुकड्यांत असायचा. मी हिशोब उचलला होता आणि आवाज मागेच ठेवला होता. डिस्कची तब्येत तपासली तर तीही पिवळ्या इशाऱ्यावर, खराब जागा वाढत चाललेल्या. तिथेच जमिनीवर बसून राहिले थोडा वेळ. आत्याला मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, सगळं नीट उतरल्यावर.

पूर्ण झालेली पुस्तकं एमपी-थ्री होती, तासाला २९ एमबी. चारशे तास. पाच वर्षांचं तिचं वाचन साडेअकरा जीबीत बसलं. ४८० रुपयांचा एक ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन त्याची एक प्रत तिच्या कपाटात ठेवली, साड्यांच्या घडीत.

लिनक्स मिंट टाकायला तासही लागला नाही. एक्सएफसीई आवृत्ती घेतली, कारण ती जुन्या यंत्राला हलकी पडते. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ऑडॅसिटी तिथेही तेच, आर दाबलं की रेकॉर्ड, स्पेसबार दाबला की थांबलं. पडद्यावर त्याचं चिन्ह मी पूर्वी होतं त्याच जागी, डावीकडून तिसरं ठेवलं. तिच्या खोलीत कपाटाची दारं जशी ठरलेली तशी ही जागाही ठरलेली. ती सांगते त्याहून जास्त या जागांवर तिचं काम चालतं. पंधरा-सोळा हजार हाताशी असतील आणि कॉम्प्युटरवर बँकेची, टॅक्सची कामं असतील तर मी वेगळा सल्ला देईन: आठव्या पिढीपुढचा, ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप घ्या. सगळ्यांना हाच मार्ग असा माझा आग्रह नाही.

शेवटचं काम कॅबिनेट टेबलावरून उतरवण्याचं. टेबल एकच असल्यामुळे पंख्याची थरथर लाकडातून सरळ माइकच्या पायात जात होती. पण जमिनीवर ठेवलं तर फरशी पुसताना पाणी लागणार, केर आत ओढला जाणार. मी विटा शोधायला निघाले होते. आत्याने टेबलाखालचा पाट पायाने पुढे सरकवला. "मला आता कशाला लागतोय?"

तिने पाट आधी ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या. त्याच्या चारही कोपऱ्यांखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे ठेवले. मी कॅबिनेट उचलून वर ठेवलं. स्वस्तिक समोर आलं पाहिजे म्हणून तिने ते थोडं फिरवायला लावलं.

तिन्ही पाकिटांतून तीस रुपये उरले होते. ते मी तिला परत दिले, तिने मोजून घेतले.

मग गोधडी, कपाट, पंखा. बटण दाबलं, या वेळी अनवाणी पाय फरशीवर टेकवून. पुन्हा दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड केली. १२०चा सुळका नाहीसा झालेला. ५०चा होता, पण पार खाली बसलेला. गवत विरळ झालेलं. आत्याने हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि कपाळाला आठी घातली.

"काहीतरी टिकटिकतंय."

मीही ऐकलं. खरंच, एका लयीत, बारीक. मी वाकून पाटावर कान नेला. नवा पंखा घासतोय की काय? तिथे काही नव्हतं. आत्या खुर्चीवरून उठली, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि पाठीमागचा सेल काढून टेबलावर ठेवला. इतकी वर्षं ते तिथेच चालू होतं.

त्या दुपारी तिने दख्खनच्या पठारावरचा पूर्ण धडा वाचला. वाटीवर फक्त दोन टिचक्या पडल्या. वाचून झाल्यावर तिने घड्याळात सेल घातला, चष्मा वर केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात वेळ बघून काटे लावले. तीन वाजून बावन्न मिनिटं.